चाहूल आणि हूल

सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं नाक फोडल्यावर माणसाला वाईट वाटायला पाहिजे. मला वाटलं नाही. हाताची बोटं सुजून टम्म झाली होती, तरी आणखी दोन ठेवून द्याव्यात एवढंच मनात होतं.

हे झालं ब्राझीलच्या मोटार शर्यतीनंतर, आमच्या गॅरेजमध्ये. दोन हजार बेचाळीस सालच्या हंगामातली ती आठवी शर्यत. दाजी, म्हणजे धैर्यशील शिंत्रे, माझ्या शर्वाणीताईचे यजमान आणि संघातले माझे जोडीदार, पहिल्या नंबरचा हार गळ्यात घालून हसत आत आले. "काय हंबीरराव," ते म्हणाले, "आज पण दोन नंबरच व्हय?" मी उत्तर तोंडाने दिलं नाही.

ते पडले नाहीत. नाकातून रक्ताची धार लागलेली असतानाच त्यांनी माझा गळा धरला आणि टायरच्या लोखंडी मांडणीवर माझं डोकं दोनदा आपटलं. माझी भुवई फाटली. मी त्यांच्या बरगडीत गुडघा घातला. चार मेकॅनिकांनी आम्हाला ओढून वेगळं केलं, तेव्हा मधे ताई उभी होती आणि तिच्या पांढऱ्या शर्टावर दोघांचंही रक्त उडालं होतं.

"माणसं आहात का जनावरं?" ती ओरडली. "एका पंगतीला बसून जेवणारी माणसं तुम्ही! आणि ते पण माझ्या यंत्रापायी?"

भांडण यंत्रापायीच होतं, हे खरं. यंत्र तिने केलं होतं, हेही खरं.

यंत्राचं नाव चाहूल. आपण पाय हलवायचं ठरवतो आणि मग पाय हलतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाय हलण्याच्या अर्धा सेकंद आधीपासूनच मेंदूत तयारीची एक मंद विद्युतलहर उठू लागते, आणि आपल्या स्वतःला पत्ता लागतो तो त्यानंतर. शास्त्रज्ञांना ही लहर पाऊणशे वर्षांपासून माहीत होती. ताईने ती हेल्मेटच्या अस्तरात बसवलेल्या संवेदकांनी, हादऱ्यांतून आणि गोंगाटातून वेगळी काढून, शर्यतीच्या वेगाला वाचून दाखवली. पुढच्या गाडीतला माणूस ब्रेक दाबणार, हे त्याच्या पायाच्या आधी मागच्या गाडीला कळायला लागलं.

ताशी तीनशेच्या वेगाला गाडी सेकंदाला त्र्याऐंशी मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारलेला बघून आपला पाय पडेपर्यंत पंधरा-वीस मीटर निघून गेलेले असतात, म्हणून मागच्याला अंतर राखावंच लागतं. चाहूल आल्यावर ती गरज संपली. मागच्या गाडीचे ब्रेक चाहुलीबरोबर आपोआप लागायचे आणि दोन्ही गाड्या एकाच क्षणी मंदावायच्या. आम्ही वीतभर अंतराने पळायला लागलो. पुढची गाडी हवा फोडते, मागची त्या पोकळीत ओढली जाते, आणि मागे भोवरा उरत नाही म्हणून पुढचीही हलकी पळते. नियमांनी एका संघाच्या दोन गाड्यांना असं पळायची मुभा होती आणि दुसऱ्या कुणाकडे चाहूल नव्हती. पहिला आणि दुसरा नंबर आमच्याच घरात. कुठला कुणाचा, एवढंच काय ते ठरायचं असे.

जगभरचे पत्रकार आम्हाला 'जोड' म्हणायचे. कुणीतरी त्यांना हा मराठी शब्द शिकवला होता आणि अर्थ सांगितला होता, जोडी. कोल्हापूरच्या मैदानात जोड लावतात ती दोघांनी गळ्यात गळे घालावेत म्हणून नव्हे, एकाने दुसऱ्याची पाठ मातीला लावावी म्हणून लावतात. हे त्यांना कोण सांगणार?

वेगवान मी होतो. पात्रता फेरीत दर वेळी मी पुढे, दाजी मागे, आणि शर्यत तशीच सुरू व्हायची. मग साठ फेऱ्या माझं डोकं त्यांच्यासमोर उघडं. मला डावीकडे वळायचं मनात आलं की त्यांच्या डाव्या हातमोज्यात कंप यायचा. शेवटच्या फेरीत मी कुठली बाजू अडवणार, हे मला नीटसं कळायच्या आत त्यांना कळायचं आणि ते दुसऱ्या बाजूने निघून जायचे. आठ शर्यतींपैकी सहा त्यांनी अशा नेल्या. जो जास्त वेगवान तोच हरणार, असला हा उफराटा न्याय.

"मी काय चोरी करालोय?" दाजी म्हणायचे. "तुझ्या डोक्यातलं मला आयतं मिळालंय, मी घेतो. तू मागं थांबायला शीक की."

मागे थांबणं माझ्या रक्तात नव्हतं. त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त राग कशाचा असेल, तर उपकारांचा. उद्यमनगरात आमच्या वडिलांची लेथची शेड. तिथून उचलून मला पहिल्यांदा कार्टमध्ये, शर्यतीच्या त्या बुटक्या गाडीत, बसवलं ते त्यांनी. माझं नाव संघाकडे नेलं ते त्यांनी. असल्या माणसाला नुसतं हरवून भागत नाही, हे ज्याच्यावर उपकार झालेत त्यालाच कळेल.

ब्राझीलनंतर तीन आठवडे सुट्टी होती. घरी आरशासमोर भुवईचे टाके बघत असताना मला आमचे वस्ताद आठवले. चौदा वर्षांचा होईपर्यंत मी तालमीत जात होतो. पट काढायची, म्हणजे समोरच्याचे पाय खेचायची, हूल मला कधी जमायची नाही, समोरचा ओळखायचा. वस्तादांनी एकदा मानेवर चापट मारून सांगितलं होतं, "हूल हातानं देत न्हाईत रं. मनानं देत्यात. पट काढायचाच हाय, असं तुला स्वतःला वाटलं पायजे. आधी तू फसलास तर समोरचा फसतोय."

आणि ताईनेच कधीतरी सांगितलं होतं की लहर उठली म्हणजे हालचाल होतेच असं नाही. शेवटच्या पंचमांश सेकंदापर्यंत माणूस ती रद्द करू शकतो. दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

सराव चहाच्या कपावर केला. कप उचलायचं मनापासून ठरवायचं आणि बोटं हलायच्या आत सोडून द्यायचं. दिवसाला पाचशे वेळा. "चहा गार का करालायस?" असं आई विचारून दमली. आठवड्याभरात इतकं जमलं, की फोन घ्यायचं ठरवून मी तो वाजत ठेवायचो, उठायचं ठरवून बसून राहायचो. आपण एक नवं कौशल्य शिकतोय, असंच मला वाटत होतं.

जपानला शेवटून दुसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्त्यावर, जिथे ब्रेक मारायचं काही कारणच नव्हतं, तिथे मी मनात ब्रेक मारला. जीव तोडून मारला, आणि सोडला.

आरशात दाजींची गाडी जागच्या जागी थबकल्यासारखी झाली. यंत्राला चूक कळून ब्रेक सुटले, पण तोवर ती दहा-बारा मीटर मागे पडली होती. मला एवढंच हवं होतं. तिसऱ्या नंबरवरची गाडी त्यांच्या अगदी पाठीशी आहे, हे मी बघितलं होतं का? बघितलं होतं. त्या गाडीचं पुढचं चाक दाजींच्या मागच्या चाकावर चढलं, ती हवेत उडाली आणि त्यांच्या डोक्यावरच्या लोखंडी कमानीवर आदळली. दोन्ही गाड्या भिंत खरवडत शे-दीडशे मीटर गेल्या. तुकडे रस्ताभर. दाजींचा खांदा निखळला, दोन बरगड्या मोडल्या. दुसऱ्या चालकाच्या घोट्याचा चुरा झाला.

मी जिंकलो. व्यासपीठावरून मला स्ट्रेचर दिसत होतं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. पोटातून झाला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात ताईने मला गाठलं. तिच्या हातात शर्यतीची नोंद होती. कोल्हापूरच्या पोरी 'करतो, जातो' म्हणतात. ताई दहा वर्षं परदेशात राहिली, तरी माझ्याशी तशीच बोलायची.

"हे बघ. इथं तुझ्या डोक्यात ब्रेक उठलाय आणि पायात आलाच नाही. असं का होतंय?"

"मला काय माहीत?"

"दोन कारणं असू शकतात. एक, थकवा. दमलेल्या मेंदूत अशा फुकटच्या लहरी उठतात. तसं असलं तर मी यंत्राला सांगतो, की हंबीरची नुसती लहर धरू नको, पायाचा दाब पडला तरच खरी धर." तिने नोंदीवर बोट ठेवलं. "दुसरं, तू मुद्दाम करालायस. तसं असलं तर मी तुला गाडीतनं उतरवतो. आजच."

"पायाच्या दाबावर गेलं, तर मागच्याला उशीर नाही होणार?"

"वळणांवरच्या ब्रेकच्या जागा यंत्राला पाठ आहेत. तिथं काही होत नाही. नको त्या जागी अचानक काही आडवं आलं, तर मात्र एक दशांश सेकंद उशीर. वीतभर अंतरावर तेवढ्यात खेळ खलास." तिने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. लहानपणी पाढे म्हणून घेताना धरायची तशी. "म्हणून विचारालोय. माझा नवरा असतोय तुझ्या मागं. थकवा आहे, का हूल?"

माझं डोकं वेगाने चाललं होतं. लहर गाळली म्हणजे माझं मन दाजींना दिसायचं बंद. मग जो वेगवान तो पुढे. मला जे हवं होतं ते एका शब्दात मिळत होतं.

"थकवा," मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

तिने नोंदीची घडी घातली आणि माझ्या गालावर हात ठेवला. "झोपत जा जरा," ती म्हणाली.

शेवटची शर्यत कागलच्या माळावरच्या नव्या सर्किटवर होती. दाजी खांदा आवळून बांधून परत आले. त्यांच्या गैरहजेरीत मी तीन शर्यती जिंकलो होतो. जगज्जेता विजयांच्या संख्येवर ठरायचा, आणि ते आता सहा-सहा झाले होते. जो पुढे संपवेल तो जगज्जेता. सगळं कोल्हापूर लोटलं होतं. स्टँडमध्ये हलग्या कडाडत होत्या, अर्धे लोक माझ्या नावाने ओरडत होते, अर्धे दाजींच्या.

गाडीत बसायच्या आधी दाजी माझ्याजवळ आले. हेल्मेट काखेत. नाक अजून जरा वाकडंच होतं.

"जपानला हूल होती न्हवं ती?" ते हळूच म्हणाले.

मी हातमोजे चढवायला लागलो.

"मी पण तालमीतलाच हाय, हंबीरराव. पडता पडता वळखलं." ते हसले. "शर्वाणीला बोललो नाही. ती तुला गाडीत बसू द्यायची नाही, आणि मला तर तुला गाडीतच पाडायचंय. तिनं थकवा समजून तुझ्या हुली गाळल्यात म्हणं. बरं झालं. आज सरळ कुस्ती."

त्यांनी हात पुढे केला. मैदानात करतात तसा. आता सांगावं, असं माझ्या मनात उठलं. दाजी, गाळल्यात त्या हुली नाहीत, सगळंच गाळलंय. आज मी खरा ब्रेक मारला तरी तुम्हाला वेळेवर कळणार नाही, अंतर ठेवा. शब्द जिभेपर्यंत आले. आणि मी ते सोडून दिले, कपासारखे. त्यांच्या हातावर हात मारला आणि गाडीत बसलो.

पहिल्या वळणालाच त्यांनी माझ्या चाकाला चाक घासलं. धूर निघाला. तिसऱ्या फेरीत मी त्यांना भिंतीकडे रेटलं आणि त्यांच्या गाडीच्या पंखाचा तुकडा उडाला. वीस फेऱ्या आम्ही एकमेकांना धडका देत होतो आणि हलग्यांचा आवाज मला हेल्मेटच्या आत ऐकू येतोय असं वाटत होतं. मग मी पुढे निघालो, ते माझ्या शेपटाला चिकटले, आणि तसेच राहिले. त्यांना माझं मन आता दिसत नव्हतं. मला ते खूप आवडलं. इतक्या शर्यतींनंतर, ते मागे असतानाही, मी माझ्या डोक्यात एकटा होतो.

अठ्ठावन्नावी फेरी. सातव्या वळणानंतर रस्ता एका उंचवट्यावर चढतो आणि पलीकडचं दिसत नाही. तिथे ब्रेक नसतो, पूर्ण वेगाने जायचं असतं. मी माथ्यावर आलो आणि समोर एक मागे पडलेली गाडी रस्त्यात आडवी झालेली.

मी ब्रेक मारला. आयुष्यात कुठली गोष्ट इतकी मनापासून केली नसेल.

एक दशांश सेकंद. तेवढ्यात दाजींच्या गाडीचं नाक माझ्या मागच्या चाकाखाली घुसलं. माझी गाडी गरगरत बाजूला फेकली गेली. त्यांची उलटी होऊन माझ्या डोक्यावरून गेली. त्यांच्या टायरचा काळा पट्टा नंतर माझ्या हेल्मेटवर सापडला. ती त्या आडव्या गाडीवर आदळली, तिथून भिंतीवर, भिंतीवरून परत रस्त्यावर, आणि पेटली.

मी धावलो. पट्टे सुटत नव्हते. हातमोजे वितळून तळव्यांना चिकटले, तरी मी ओढत होतो आणि ओरडत होतो, "दाजी, मान वर करा! दाजी, मान वर करा!" मान वर होणार नव्हती. ती भलत्याच बाजूला वळली होती. डोळे उघडे होते आणि त्यांत वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. आज सरळ कुस्ती, असं सांगून गेलेल्या माणसाचं आश्चर्य.

शर्यत तिथेच थांबवली. नियमाप्रमाणे आधीच्या फेरीचा क्रम धरला गेला. आधीच्या फेरीला मी पुढे होतो. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेला मी इस्पितळाच्या खाटेवर पडलो असताना संघाच्या लोकांनी जगज्जेत्याचा चषक आणून उशाशी ठेवला.

तेरा दिवस झाले. रोज सकाळी मी ताईला सांगायचं ठरवायचो. रोज तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो, तोंड उघडायचा हेतू उठायचा, आणि मी तो सोडून द्यायचो. आता ते मला करावंही लागत नव्हतं, आपोआप व्हायचं. मन जे जे ठरवेल ते ते मी शेवटच्या क्षणी टाकून द्यायला शिकलो होतो. माझ्याकडे हेतू खूप होते, केलेलं काहीच नव्हतं.

चौकशी पुण्यात झाली. समितीच्या अध्यक्ष न्यायमूर्ती बखलेबाई, सत्तरीच्या, जाड चष्म्याच्या. टेबलावर माझ्या मेंदूची नोंद पसरलेली. अपघाताच्या अर्धा सेकंद आधी तिथे एक मोठी, स्वच्छ लहर उठलेली होती, आणि तिच्यापुढे यंत्राचा शेरा होता: दुर्लक्ष.

"खऱ्या ब्रेकची लहर यंत्राने टाकून दिली," बखलेबाई म्हणाल्या. "टाकायला त्याला कुणी सांगितलं होतं?"

"मी," ताई म्हणाली. तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

"कशाच्या आधारावर?"

आता ती माझं नाव घेणार. घे, मला वाटलं, घे एकदाचं.

"माझ्या अंदाजाच्या," ताई म्हणाली. "चालक दमलाय, असं मला वाटलं. इंजिनियरने आकडे तपासायचे असतात. मी नीट तपासले नाहीत. चूक माझी आहे."

"तुम्हाला याचा अर्थ कळतोय? हे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं आहे. गुन्हा दाखल होईल. तुरुंगही होईल."

"कळतंय."

ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाचवायचं म्हणून ती हे बोलत नव्हती. माझ्या शब्दावर तिचा इतका विश्वास होता, की चूक दुसऱ्या कुणाची असेल हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या मनात बोलायचं उठलं. सुटून गेलं. पुन्हा उठलं, पुन्हा सुटलं. बखलेबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या लिहायला वाकल्या.

मी उजवा हात टेबलावर आपटला. भाजलेल्या तळव्याची कातडी फाटली आणि रक्त पट्टीतून बाहेर आलं. त्या कळेने माझं तोंड उघडलं आणि यावेळी मी ते मिटू दिलं नाही.

"थकवा नव्हता," मी म्हणालो. "हूल होती. जपानला मी मुद्दाम हूल दिली. तिने मला विचारलं होतं, जिन्यात, तोंड धरून विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तिने मला त्याच दिवशी उतरवलं असतं आणि दाजी आज जिवंत असते. शर्यतीआधी त्यांनाही सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मला जिंकायचं होतं."

मग ताईची खुर्ची मागे सरकली. ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. चालताना तिने उजवी मूठ आवळली, अंगठा बाहेर ठेवून, मीच लहानपणी तिला शिकवली होती तशी. तिचा खांदा मागे गेला.

मला सगळं आधीच दिसलं. बाजूला व्हायला भरपूर वेळ होता, आणि मान वळवायचं मनात आलंही. ते मी सोडून दिलं. ही हूल नव्हती.

हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला. ब्राझीलला गॅरेजमध्ये ऐकला होता, तोच.